आर्क्टिकच्या हिवाळ्यात मुक्काम: महिना, बाजू, रात्री, जागा आणि मग खोली

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश (अरोरा), बघायला निघालेले ओळखीचे लोक सल्ला विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांनी एक काम आधीच उरकलेलं असतं. काचेच्या छताखालची एक खोली, रद्द केली तर पैसे परत न मिळणाऱ्या दराने, त्यांनी घेऊन ठेवलेली असते. मग प्रश्न येतो, आता तिथे पोचायचं कसं? खोली फिनलंडमध्ये, विमान नॉर्वेतल्या ट्रोम्सोचं, आणि मधे अख्खा दिवस खाणारा बर्फाचा रस्ता.

उत्तर नॉर्वे, उत्तर स्वीडन आणि फिनलंडचा लॅपलंड या भागात हिवाळ्यात फिरताना खोलीचा प्रकार ठरवणं ही पाचवी पायरी आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मागच्या चार पायऱ्या त्या खोलीभोवती ओढूनताणून बसवतात. खाली मी क्रम सरळ लावला आहे. पायऱ्यांची अदलाबदल करू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं.

## १. महिना ठरवा: प्रश्न उजेडाचा आहे

ट्रोम्सो ६९ अंशांच्याही उत्तरेला आहे. तिथे २७ नोव्हेंबरच्या सुमारापासून १५ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि डोंगर आड येत असल्यामुळे शहरात सूर्यबिंब दिसायला २१ जानेवारी उजाडते. याचा अर्थ चोवीस तास काळोख असा नाही. दुपारच्या सुमाराला तीन-चार तास निळसर संधिप्रकाश असतो, त्यात चालता-फिरता येतं. फिनलंडमधलं रोवानिएमी जवळजवळ ध्रुववृत्तावर आहे. तिथे २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य उगवतो, पण दोन-सव्वादोन तासांत मावळतो.

मुक्कामाशी याचा थेट संबंध आहे. डिसेंबरात तुम्ही खोलीत खूप जास्त वेळ घालवणार. त्यामुळे खोली ऐसपैस हवी, खिडकी हवी, बसायला जागा हवी, आणि सोबत लहान मुलं किंवा वयस्क असतील तर दुकान पायी जाण्याच्या अंतरावर हवं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंत दिवस भराभर मोठा होतो, दिवसा बर्फावर फिरता येतं आणि रात्र अरोरासाठी पुरेशी काळी राहते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मार्च सुचवते. नाताळचं वातावरण हवंच असेल तर डिसेंबर घ्या, पण दहावी पायरी आधी वाचा.

थंडीही सगळीकडे सारखी नसते. ट्रोम्सो किनाऱ्यावर आहे, समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतलं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहतं. बर्फाइतकाच तिथे पाऊसही त्रास देतो, आणि पावसानंतर गोठलेले रस्ते काचेसारखे गुळगुळीत होतात. आतल्या भागात, म्हणजे स्वीडनमधलं किरुना, फिनलंडमधली रोवानिएमी आणि इवालो इथे, थंडी कोरडी आणि बरीच कडक असते. उणे तीसपर्यंत पारा उतरणं तिथे नवलाईचं नाही.

## २. एकच बाजू निवडा

नकाशावर ट्रोम्सो आणि रोवानिएमी बोटभर अंतरावर दिसतात, पण त्यांना जोडणारी रेल्वे नाही. ट्रोम्सोला रेल्वेच नाही. रस्त्याने जायचं तर अख्खा दिवस जातो, आणि हिवाळी बस मोजक्याच दिवशी असतात. किरुनाहून रोवानिएमीलाही थेट गाडी नाही. स्वीडन आणि फिनलंडच्या रुळांची रुंदीच वेगळी आहे, १४३५ आणि १५२४ मिलिमीटर. सीमेवर हापारांदा-तोर्निओ इथे उतरून पुढचं वाहन शोधावं लागतं.

म्हणून दहा दिवसांपर्यंतच्या सहलीत यातली एकच बाजू घ्या:

पश्चिम बाजू: ट्रोम्सो, तिथून बसने नार्विक (साधारण चार तास), नार्विकहून रेल्वेने आबिस्को आणि किरुना. नार्विक ते किरुना हा रेल्वेचा प्रवास तीन तासांच्या आसपासचा आहे आणि खिडकीतून फ्योर्ड (डोंगरांत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी), मग डोंगर, मग गोठलेला तोर्नेत्रेस्क तलाव दिसतो. हा प्रवास दुपारच्या उजेडात पडेल अशी गाडी घ्या.

पूर्व बाजू: हेलसिंकी, रात्रीच्या रेल्वेने रोवानिएमी (सुमारे बारा तास), तिथून बसने उत्तरेला सारिसेल्का, इवालो किंवा इनारी.

रात्रीच्या गाडीतला झोपायचा डबा ही मुक्कामाची एक रात्र समजा. त्या रात्रीसाठी हॉटेल घेऊ नका. ही चूक मी दोन कुटुंबांच्या आराखड्यात पाहिली आहे.

> सावधान: फिनलंडचं घड्याळ नॉर्वे-स्वीडनच्या एक तास पुढे आहे. सीमा ओलांडताना बसची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने लिहिली आहे ते तपासा.

## ३. रात्री मोजा, मुक्काम कमी करा

हिवाळ्यात मुक्काम हलवणं महाग पडतं, आणि पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. थर्मल, जाड जॅकेट, बूट, ओले हातमोजे हे सगळं बॅगेत भरायचं, बर्फातून बॅग ओढायची, बस किंवा गाडी उशिरा आली तर थांबायचं, आणि नव्या जागी पोचेपर्यंत उजेड संपलेला. प्रत्येक स्थलांतराला एक दिवस लागतो असं धरून चाला.

माझा नियम असा: एका जागी किमान तीन रात्री. नॉर्दर्न लाइट्सना काळोख आणि मोकळं आकाश दोन्ही लागतं, आणि ढग दोन-दोन दिवस हलत नाहीत. एका रात्रीच्या मुक्कामात नशिबावर अवलंबून राहावं लागतं, तीन रात्रींत निदान संधी मिळते.

पश्चिम बाजूच्या नऊ रात्रींची वाटणी मी अशी करते: ट्रोम्सो चार, आबिस्को तीन, किरुना परिसरात दोन, त्यातली एक बर्फाच्या हॉटेलात हवी असेल तर. आबिस्कोला तीन रात्री देण्यामागे कारण आहे. नॉर्वेकडून येणारे ढग डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडचा हा भाग स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक ठरतो. ट्रोम्सोत चारही रात्री ढग लागले तरी आबिस्कोत आकाश उघडं मिळण्याची शक्यता बरी असते. याच कारणासाठी आबिस्को सहलीच्या उत्तरार्धात ठेवा.

खास खोली, काचेची असो की बर्फाची, फक्त एकच रात्र घ्या आणि ती पहिली रात्र नको. विमान चुकलं, बॅग मागे राहिली, तर सगळ्यात महागडी रात्रच वाया जाते.

## ४. शहराचं नाव वाचून फसू नका

या पायरीवर सर्वाधिक लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

ट्रोम्सो. शहराचं केंद्र एका बेटावर आहे, त्याच बेटाच्या पश्चिम बाजूला विमानतळ. पूर्वेला पूल ओलांडला की मुख्य भूमीवरचं ट्रोम्सदालेन, जिथे आर्क्टिक कॅथेड्रल आणि डोंगरावर जाणारा रोपवे आहे. पश्चिमेला दुसरा पूल ओलांडला की क्वालोया हे मोठं बेट. यादीत ‘ट्रोम्सो’ लिहिलेलं घर या तिन्हींपैकी कुठेही असू शकतं. ट्रोम्सदालेनमधून बसने पटकन केंद्रात येता येतं. क्वालोयाच्या टोकाचं घर मात्र गाडीशिवाय घेऊ नका. अरोराच्या जवळपास सगळ्या सहली संध्याकाळी केंद्रातून निघतात आणि मध्यरात्र उलटून परततात. त्या वेळी बस मिळेल की नाही हे आधी बघा.

रोवानिएमी. सांताक्लॉजचं गाव शहरापासून सुमारे आठ किलोमीटर उत्तरेला, ध्रुववृत्तावर आहे. मुलांना घेऊन जाणारे तिथेच सगळ्या रात्री घेतात आणि संध्याकाळी दुकानं-उपाहारगृहं बंद झाल्यावर अडकतात. मी दोन रात्री शहरात आणि हवी तर एक रात्र गावात असं सांगते. मधे शहरबस धावते.

किरुना. इथला घोळ वेगळाच आहे. शहराखालच्या लोहखाणीमुळे जमीन खचते, म्हणून अख्खं शहर हलवलं जातंय. नवं केंद्र जुन्यापासून सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला २०२२ मध्ये सुरू झालं, आणि शहराचं प्रसिद्ध लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये चाकांवर चढवून नव्या जागी नेलं. जुन्या प्रवासवर्णनात ‘केंद्रापासून पाच मिनिटं’ असलेलं हॉटेल आज केंद्रापासून लांब असू शकतं. रेल्वे स्टेशनही गावापासून बाजूला आहे.

आबिस्को. एवढ्याशा वस्तीला दोन रेल्वे थांबे आहेत: आबिस्को ओस्ट्रा गावाजवळ आणि आबिस्को तुरिस्तस्टेशन राष्ट्रीय उद्यानाजवळ. दोन्हींत दोन-एक किलोमीटरचं अंतर आहे. रात्री, बर्फात, बॅगेसकट हे अंतर फार होतं. तुमचं घर कोणत्या थांब्याजवळ आहे ते विचारूनच तिकीट काढा.

> तपासणी: प्रत्येक जागेसाठी कागदावर चार ओळी लिहा: स्टेशन किंवा विमानतळापासून तिथे कसं जायचं, शेवटचं वाहन किती वाजता, जवळचं किराणा दुकान किती लांब, रात्रीच्या सहलीनंतर परत कसं यायचं. एकही ओळ रिकामी राहिली तर ती जागा घेऊ नका.

## ५. आता खोलीचा प्रकार

साधं हॉटेल. पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाला उत्तम. नाश्ता बहुधा दरात धरलेला असतो आणि पोटभर असतो. स्वागतकक्षावर कुणीतरी असतं, ही उशिरा पोचणाऱ्यासाठी मोठी सोय. मात्र छोट्या हॉटेलात स्वागतकक्ष रात्रभर उघडा नसतो, हे विचारून घ्या.

कॉटेज. नॉर्वेत ‘ह्युत्ते’, फिनलंडमध्ये ‘म्योक्की’. कुटुंबाला आणि चार जणांच्या गटाला हा प्रकार सोयीचा आणि बहुतेकदा स्वस्तही पडतो, कारण स्वयंपाकघर असतं. पण यादीतला दर पूर्ण नसतो. चादरी-टॉवेल आणि निघतानाची सफाई यांचे पैसे या देशांत अनेकदा वेगळे घेतात किंवा ते काम तुम्हीच करायचं असतं. तीन प्रश्न लेखी विचारा: चादरी धरल्यात का, शेवटची सफाई कोणाची, आणि शौचालय घरात आहे का. तिसरा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारा. डोंगरातल्या काही जुन्या ह्युत्तेंमध्ये नळाचं पाणी नसतं आणि शौचालय अंगणात असतं.

काचेचं छत. छायाचित्रात वरती हिरवा प्रकाश आणि खाली दोघंजण पांघरुणात. प्रत्यक्षात ढग असले तर काचेच्या वर काहीच दिसत नाही. शेजारच्या खोल्यांचे आणि रस्त्याचे दिवे किती, काच तापवायची सोय आहे का (नसेल तर बर्फ साचतो आणि आतून वाफ धरते), खोलीतच स्नानगृह आहे का, मोठी बॅग ठेवायला जागा आहे का, हे सगळं विचारा. अनेक ठिकाणी अरोरा दिसला की पाहुण्यांना उठवणारी घंटा किंवा फोनवरचा संदेश असतो. ही सोय साध्या कॉटेजांतही मिळते, आणि माझ्या मते काचेपेक्षा तीच जास्त कामाची. कपडे तयार ठेवून दोन मिनिटांत बाहेर जाता आलं तर आकाश पूर्ण दिसतं.

बर्फाची खोली. याची तयारी निराळी असल्यामुळे नवव्या पायरीत.

## ६. आरक्षण आणि व्हिसा: यांचा क्रम महत्त्वाचा

तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त मुक्काम आहे. मुक्काम समसमान असेल तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. म्हणजे रात्रींची मोजणी (तिसरी पायरी) पक्की झाल्याशिवाय अर्ज कुठे करायचा हेच ठरत नाही. वर दिलेल्या वाटणीत नॉर्वेत चार आणि स्वीडनमध्ये पाच रात्री आहेत, म्हणून अर्ज स्वीडनकडे जातो, विमान नॉर्वेत उतरणार असलं तरी.

क्रम असा ठेवा:

1. मोफत रद्द करता येणारी आरक्षणं आधी करा, प्रत्येक रात्रीसाठी. मधे एकही रात्र मोकळी नको. रात्रीच्या गाडीचं तिकीट त्या रात्रीचा पुरावा म्हणून जोडा.
2. प्रवास विमा घ्या. वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरो हवं आणि ते पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवं. स्नोमोबाइल, स्की किंवा कुत्र्यांची घसरगाडी चालवणार असाल तर त्या गोष्टी विम्यात धरल्यात का ते वाचा.
3. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून डिसेंबरच्या सहलीचा अर्ज सप्टेंबरातच करा.
4. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.
5. व्हिसा हातात आल्यावर, आणि रद्द करण्याची मुदत संपण्याआधी, परतावा नसलेली खास खोली घ्या.

या क्रमातली मोठी अडचण अशी की डिसेंबर अखेरच्या खास खोल्या खूप आधी भरतात. तसं असेल तर थोडा जास्त दर देऊन रद्द करता येणारी खोली घ्या. तो वरचा पैसा वाया गेला असं मानू नका.

> सावधान: ट्रोम्सोहून विमानाने स्वालबार्ड या आणखी उत्तरेच्या बेटांवर जाऊन येऊ, असा बेत मधेच ठरतो. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तिथून परत मुख्य भूमीवर येता येणार नाही. असा बेत असेल तर अर्जातच दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा.

> तपासणी: मोफत रद्द करण्याची मुदत त्या जागेच्या स्थानिक वेळेनुसार असते. मुदतीचा दिवस कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीचा टाकून ठेवा.

## ७. पोचण्याचा दिवस

पहिल्याच नॉर्वे सहलीत मी आणि आई रात्री दहाला एका कॉटेजपाशी उतरलो. चावी दाराशेजारच्या पेटीत, पेटीला आकड्यांचं कुलूप, आणि कोड ईमेलमध्ये. फोन थंडीने बंद पडला होता. बॅटरी ४० टक्के दाखवत असतानाच तो मिटला. फोन अंगाशी धरून ऊब दिल्यावर दहा मिनिटांनी सुरू झाला, तर पेटीचे आकडे बर्फाने घट्ट बसलेले. हातातल्या उबेने एकेक आकडा सोडवायला आणखी पंधरा मिनिटं गेली. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. त्या पंचवीस मिनिटांत तिचे थरथरते हात बघून मी जे शिकले ते असं:

- कोड, पत्ता, मालकाचा फोन क्रमांक आणि दाराचा फोटो कागदावर छापून कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.
- पोचण्याच्या आदल्या दिवशी मालकाला संदेश पाठवून वेळ कळवा, आणि पेटी गोठली तर काय करायचं ते विचारा.
- फोन आतल्या खिशात, अंगाशी. पॉवर बँक हातातल्या सामानात. विमानात ती चेक-इन बॅगेत चालतच नाही.
- टोपी, हातमोजे, जाड मोजे आणि बुटाखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे हे सगळं विमानातल्या हातातल्या बॅगेत. मोठी बॅग मागे राहिली तरी पहिली रात्र निभावते.
- पहिल्या दिवशी उशिराचं विमान असेल तर पहिली रात्र शहरातल्या हॉटेलात. कॉटेज दुसऱ्या दिवशी, उजेडात.

घरून खाण्याचं सामान नेणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि नॉर्वेचे नियमही असेच कडक आहेत. कोरडं धान्य-डाळीचं सामान वेगळ्या पिशवीत ठेवा आणि विचारलं तर दाखवा.

गाडी भाड्याने घेण्याबद्दल एकच सांगते: बर्फावर यापूर्वी गाडी चालवलेली नसेल तर ही सहल शिकण्याची जागा नव्हे. काळोख, गोठलेला रस्ता आणि मधेच उभं राहिलेलं रेनडिअर, हे तिन्ही एकदम समोर येतं.

## ८. घरात शिरल्यावर

बाहेरच्या दारानंतर बहुधा एक छोटी खोली असते. बूट तिथेच काढायचे, सगळीकडेच, हॉटेल सोडून. बर्फ तिथेच झटका, कारण आत गेलेला बर्फ वितळतो आणि मोजे भिजतात.

वाळवणं. हिवाळी मुक्कामातलं हे रोजचं मुख्य काम. कॉटेजात बहुतेकदा कपडे वाळवायचं कपाट असतं, गरम हवा खेळवणारं. बुटाचं आतलं अस्तर आणि तळवा बाहेर काढून वेगळे वाळवा. नुसता बूट ठेवला तर सकाळी तो आतून ओलाच असतो. ओल्या बुटात पाय घालून उणे वीसमध्ये उभं राहिलं तर तासाभरात बोटं बधिर होतात. कपाट नसेल तर न्हाणीघराच्या तापणाऱ्या फरशीवर रात्रभर पसरा.

> सावधान: सौनाच्या (अंग शेकायच्या गरम खोलीच्या) शेगडीवर किंवा तिच्या वर दोरी बांधून कपडे वाळत घालू नका. कपडा दगडांवर पडला की पेट घेतो. सौना सुरू करण्याआधी आत काही राहिलंय का ते दरवेळी बघा.

लाकडाची चूल. धुराड्याची झडप विस्तव धगधगत असताना बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नसतो. ऊब टिकावी म्हणून झोपण्यापूर्वी झडप लावून घेण्याचा मोह होतो, तो आवरा. निखारे पूर्ण विझल्यावरच झडप लावा. चूल नीट समजली नसेल तर पेटवूच नका, घराला विजेची ऊब असतेच.

ऊब. बाहेर जाताना तापमान फार उतरवू नका आणि खिडकी उघडी ठेवून जाऊ नका. नळातलं पाणी गोठण्याचा धोका असतो. आत २० अंश पुरतात. त्याहून जास्त तापवलं तर रात्री घाम येतो, आणि घामाने ओले थर्मल घालून बाहेर पडणं ही थंडी लागण्याची हमखास वाट.

कॅमेरा. बाहेरून आत आणण्यापूर्वी, बाहेरच, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका. नाहीतर भिंगावर आणि आतही पाणी धरतं.

## ९. बर्फाच्या खोलीतली रात्र

किरुनाजवळच्या युकास्यार्वी गावातलं आइसहोटेल १९८९ पासून चालतं. दर हिवाळ्यात शेजारच्या तोर्ने नदीच्या बर्फातून ते नव्याने उभं करतात. आत तापमान उणे पाच ते उणे आठ राहतं, बाहेर काहीही असो. पलंग बर्फाचा, वर गादी, रेनडिअरची कातडी आणि जाड झोपायची पिशवी. खोलीला दाराऐवजी पडदा असू शकतो. शौचालय आणि सामान शेजारच्या उबदार इमारतीत. दिवसा या खोल्या लोकांना बघायला खुल्या असतात, त्यामुळे खोली तुमच्या ताब्यात संध्याकाळीच येते. दिवसभर कुठे थांबणार ते ठरवून ठेवा.

रात्रीचा क्रम:

1. जेवण व्यवस्थित करा. रिकाम्या पोटी अंग तापत नाही. चहा-पाणी झोपण्याच्या दोन तास आधी थांबवा, कारण रात्री उठून शौचालयापर्यंत जाणं हीच सगळ्यात गार गोष्ट.
2. उबदार इमारतीत जाऊन कपडे बदला. दिवसभर घातलेले मोजे आणि थर्मल काढून कोरडे घाला. लोकरीचं एक थर्मल, लोकरी मोजे, टोपी, एवढंच.
3. जॅकेट घालून पिशवीत शिरू नका. अंगाची ऊब पिशवीत पसरायला हवी, आणि घाम येता कामा नये.
4. फोन आणि चष्मा पिशवीच्या आत किंवा उबदार इमारतीत. पाण्याची बाटली बाहेर ठेवली तर सकाळपर्यंत गोठते.
5. तोंड पिशवीच्या बाहेर ठेवा. आत श्वास सोडला तर कापड ओलं होतं.

झोप लागली नाही तर उठून उबदार भागात जा. तशी सोय असते आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन रात्री सलग घेऊ नका, आणि लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर त्याच आवारातली उबदार खोली घेऊन बर्फाच्या खोल्या दिवसा बघा.

## १०. नाताळातले बंद दिवस

२४ डिसेंबरच्या दुपारपासून तिन्ही देश जवळजवळ थांबतात. दुकानं लवकर बंद होतात, नॉर्वेत २५ आणि २६लाही बहुतेक बंद असतात. फिनलंडमध्ये २४च्या संध्याकाळी आणि २५ला बस-गाड्या फारच कमी धावतात. नॉर्वेत तर मोठी किराणा दुकानं एरवीच्या रविवारीही बंद असतात.

त्यामुळे २३ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत तीन दिवसांचा किराणा घरात हवा आणि २४ ते २६ या काळात मुक्काम हलवायचा नाही. हॉटेलात असाल तर त्या रात्रीचं जेवण आधी नोंदवा. पैसे तिन्हीकडे कार्डाने चालतात, पण चलन तीन आहेत: फिनलंडमध्ये युरो, स्वीडनमध्ये क्रोना, नॉर्वेत क्रोने. दर वाचताना यातलं कोणतं आहे ते बघा.

आपत्कालीन क्रमांक ११२ तिन्ही देशांत लागतो. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३ आणि आगीसाठी ११० असे थेट क्रमांक आहेत. घराचा पूर्ण पत्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, घाईत परकं नाव उच्चारता येत नाही.

## ११. निघताना

कॉटेजची सफाई तुमच्याकडे असेल तर तिला दीड तास लागतो. झाडणं, भांडी, चादरी काढून एकत्र ठेवणं, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकणं. हे आदल्या संध्याकाळी अर्धं उरका, कारण सकाळी बस थांबत नाही. सफाई झाल्यावर प्रत्येक खोलीचा फोटो काढा, चुलीचा आणि सौनाच्या बटणाचाही. नंतर पैसे कापल्याचा संदेश आला तर तोच पुरावा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि डबे किराणा दुकानातल्या यंत्रात टाकले की अनामत परत मिळते.

परतीच्या लांब विमानाच्या आदली रात्र विमानतळाच्या शहरातच घ्या. आबिस्कोहून सकाळी निघून त्याच दिवशी ट्रोम्सोचं विमान पकडायचा आराखडा कागदावर जुळतो, पण वादळात नार्विकचा रेल्वेमार्ग आणि रस्ता दोन्ही बंद पडू शकतात, आणि मग त्या दिवशी पुढे जायला दुसरी वाट उरत नाही.